यंत्राचा आवाज जपानीत सांगूनही दुरुस्ती करणाऱ्याला भलतेच समजते तेव्हा

जपानमधल्या मराठी घरात वॉशिंग मशीन, एसी किंवा मोटार कुरकुरू लागली की यंत्राच्या बिघाडाआधी सांगण्यातला बिघाड दूर करावा लागतो. दुरुस्ती केंद्राला फोन लावल्यावर पत्ता आणि मॉडेल क्रमांक विचारून झाला की पुढचा प्रश्न बहुधा ‘दोन्ना ओतो गा शिमास का’, म्हणजे आवाज कसा येतो, हा असतो, आणि एरवी कामापुरते जपानी सफाईने बोलणारा माणूसही तिथे अडखळतो. तोक्योच्या एदोगावा विभागात निशि-कासाइच्या परिसरात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या शेजाऱ्यांसाठी असे फोन करून देताना मला हा एकच दोष निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा भेटला आहे आणि तो बहुतेक वेळा काहीही खर्च न करता दूर होतो.

एक सूचना मात्र सर्वांत आधी. आवाजाबरोबर जळका वास, धूर किंवा गॅसचा वास येत असेल, अथवा विजेच्या जोडणीजवळ पाणी गळत असेल, तर खालच्या तपासण्या करत बसू नये आणि थेट शेवटच्या भागाकडे जावे.

लक्षणे

पहिले लक्षण असे की तुम्ही ‘हेन ना ओतो’, म्हणजे विचित्र आवाज, एवढेच सांगता आणि फोनवरचे प्रश्न संपतच नाहीत. दुसरे असे की मशीन जागेवरून सरकण्याइतके हादरत असताना पलीकडचा माणूस खिशात राहिलेले नाणे शोधायला सांगतो, किंवा उलट, एखादे बटण ड्रममध्ये वाजत असताना तो मशीन ताबडतोब बंद करायला लावतो. तिसरे, तुम्ही आवाजाचे वर्णन करता आणि समोरून मशीन किती वर्षांचे झाले, नवे घेण्याचा विचार आहे का, असे प्रश्न येतात. चौथे आणि सर्वांत खर्चिक लक्षण म्हणजे तंत्रज्ञ घरी येतो, त्याला सांगितलेला आवाज सापडत नाही आणि काहीही दुरुस्त न होता भेटीचे शुल्क भरावे लागते, कारण जपानमध्ये केवळ येऊन तपासण्याचेही पैसे सामान्यतः घेतले जातात.

या सगळ्यांचे मूळ एकच आहे. जपानी भाषेतले नादानुकारी शब्द, ज्यांना तिथे ‘गिओन्गो’ म्हणतात, हे लहान मुलांचे किंवा केवळ चित्रकथांचे शब्द नाहीत. ते यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत छापलेले असतात आणि तंत्रज्ञ त्यांचा उपयोग निदानासाठी करतो. त्या शब्दाचे आरंभीचे व्यंजन, स्वर, स्वराची लांबी आणि शेवट यांतून प्रत्येक वेळी वेगळी माहिती मिळते, म्हणून त्यांपैकी एक जरी बदलले तरी ऐकणाऱ्याच्या मनात दुसराच बिघाड उभा राहतो.

पहिली तपासणी: माहितीपुस्तिकेतले शेवटचे पान

जपानी घरगुती यंत्राच्या पुस्तिकेत ‘कोशोऽ काना तो ओमोत्तारा’, म्हणजे ‘बिघाड झाला की काय असे वाटल्यास’, अशा मथळ्याचा भाग बहुधा शेवटी असतो. पुस्तिका हरवली असेल तर यंत्रावर लिहिलेला ‘काताबान’, म्हणजे मॉडेल क्रमांक, उत्पादकाच्या संकेतस्थळावर घालून ती बहुतेक वेळा विनामूल्य मिळते. हे सर्वांत सोपे काम आहे, आणि ते प्रथम करण्याचे कारण असे की तुम्हाला हवा असलेला शब्द तिथे आयताच छापलेला असतो आणि तो आवाज मुळात दोष आहे की नाही हेही तिथेच लिहिलेले असते.

फ्रिजमधून अधूनमधून येणारा ‘पोको-पोको’ किंवा ‘चोरो-चोरो’ हा नळ्यांतून वाहणाऱ्या शीतकाचा आवाज असतो. ‘पिशित्’ असा तडकल्यासारखा आवाज प्लॅस्टिकचे भाग तापमानामुळे आकुंचन वा प्रसरण पावताना होतो. बर्फ आपोआप तयार करणाऱ्या फ्रिजमध्ये रात्री ‘गोतोन्’ असे काहीतरी पडते ते बर्फाचे तुकडे असतात. हिवाळ्यात एसी गरम हवा देत असताना मध्येच ‘पुशूऽ’ करून थांबतो तेव्हा तो बाहेरच्या भागावर जमलेला बर्फ वितळवत असतो. यांपैकी कशासाठीही फोन करण्याची गरज नाही. ही एक पायरी वगळल्यामुळे किती निरर्थक भेटी होतात हे मी पाहिले आहे, म्हणून ती कोणी टाळू नये असे मी आग्रहाने सांगते.

दुसरी तपासणी: आवाज केव्हा येतो

शब्द निवडण्याआधी वेळ लिहून ठेवावी. कपडे धुताना की पिळताना, एसी सुरू होताना की बंद केल्यावर, गाडी सुरू करताना की वळवताना, एवढे कागदावर आले की निम्मे काम होते. जपानीत ‘अमुक करताना’ हे ‘तोकि’ लावून सांगतात, जसे ‘दास्सुइ नो तोकि’ म्हणजे कपडे पिळताना. याचे महत्त्व मोटारीच्या उदाहरणावरून दिसते. इंजीन सुरू करताना स्टार्टर फिरतो तो आवाजही ‘क्युरु-क्युरु’ आणि ढिला पट्टा घसरतो तो आवाजही ‘क्युरु-क्युरु’. इंजीन सुरू झाल्यानंतरही तो चालूच आहे असे सांगितले तरच ऐकणारा पट्ट्याकडे वळतो. त्याच वेळी फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा, कारण तंत्रज्ञ दारात आला की यंत्र गप्प बसण्याचा प्रसंग अगदी नेहमीचा आहे.

तिसरी तपासणी: आवाजाचे वजन

बहुतेक गैरसमज इथेच होतात, त्यामुळे या तपासणीला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

जपानीत हलका, बारीक, लहान वस्तूचा आवाज अघोष, म्हणजे कंठ न थरथरता उच्चारलेल्या, व्यंजनाने सुरू होतो आणि जड, मोठा, त्रासदायक आवाज घोष व्यंजनाने. ‘क’चा ‘ग’ होतो, ‘त’चा ‘द’, ‘स’चा ‘झ’ आणि ‘प’चा ‘ब’. लिपीत हा फरक अक्षराच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा देऊन किंवा न देऊन दाखवतात. ‘प’साठी तिथे लहानसे वर्तुळ असते. ‘कोरो-कोरो’ घरंगळते ती गोटी, ‘गोरो-गोरो’ घरंगळतो तो धोंडा, आणि गडगडणारे ढगही ‘गोरो-गोरो’च. दारावर हलकी थाप ‘तोन-तोन’, वरच्या मजल्यावर कोणी पाय आपटत असेल तर ‘दोन-दोन’. वाऱ्याने खिडकीची काच थरथरते ती ‘काता-काता’, आणि भूकंपात अख्खी खिडकी चौकटीसह हादरते ती ‘गाता-गाता’.

मराठी माणसाची पंचाईत अशी की त्याच्या कानाला वजन जाणवते ते महाप्राणावरून, म्हणजे ‘ख’, ‘ठ’, ‘घ’ यांतल्या हकारावरून. टकटक हलकी आणि ठकठक जड. किणकिण बारीक, खणखण त्याहून मोठी आणि घणघण देवळातल्या घंटेची. जपानीत महाप्राण वेगळा धरत नाहीत. त्यामुळे मशीनची ‘खडखड’ मनात धरून जो मराठी माणूस जपानी शब्द शोधतो त्याचा ‘ख’ नकळत ‘क’कडे ओढला जातो आणि तोंडून ‘काता-काता’ निघते. त्याच्या मनात पाऊण खोली हादरवणारे यंत्र असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात ड्रममध्ये अडकलेले बटण. शिवाय आपली ‘खडखड’ फार मोठ्या पल्ल्याची आहे. ती खुळखुळ्यापासून रिकाम्या एसटीपर्यंत कशालाही चालते, पण जपानीत त्या पल्ल्यासाठी ‘काता-काता’, ‘गाता-गाता’, ‘कारा-कारा’, ‘गारा-गारा’, ‘गोतो-गोतो’ असे निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांतला एक निवडावाच लागतो.

म्हणून मराठी शब्दावरून जपानी शब्दाकडे जाऊ नये, यंत्रावरून जावे. चालू यंत्राच्या बाहेरच्या पत्र्यावर तळहात ठेवावा. आवाज फक्त कानाला कळत असेल आणि हाताला काही जाणवत नसेल तर अघोष शब्द घ्यावा. हाताला किंवा पायाखालच्या जमिनीला हादरा कळत असेल तर घोष शब्द घ्यावा. मी ज्या ज्या घरी हे करायला सांगितले आहे तिथे फोनवरचे संभाषण लगेच रुळावर आले आहे. हात लावण्याआधी यंत्र ओले नाही आणि फिरणारा भाग उघडा नाही याची खात्री करावी, आणि मोटारीच्या बाबतीत ही पद्धत मुळीच वापरू नये.

चौथी तपासणी: शब्दाचा शेवट आणि लांबी

दोनदा उच्चारलेला शब्द सतत होणारा आवाज दाखवतो. एकदाच होणाऱ्या आवाजासाठी शब्दाचा शेवट बदलतो. हे मराठी माणसाला सहज जमते, कारण खटखट आणि खटकन यांतला फरक आपण जन्मापासून पाळत आलो आहोत. फक्त आपल्या एका ‘-कन’च्या जागी जपानीत तीन शेवट आहेत. आवाज झटक्यात तुटत असेल तर अखेरीस अडकलेला ‘त्’, जसे ‘गाचात्’. मागे नाद उरत असेल तर ‘न्’, जसे काच फुटताना ‘गाचान्’. आणि क्रिया व्यवस्थित पुरी झाल्याचे कळत असेल तर ‘रि’, जसे कुलपात किल्ली फिरताना ‘गाचारि’. बिघाड सांगताना ‘रि’ची गरज क्वचितच पडते. नाणे घालून दांडा फिरवला की खेळण्याची डबी पडते त्या यंत्राला जपानमध्ये ‘गाचा-गाचा’ असेच नाव पडले आहे, तेव्हा हा शब्द लक्षात ठेवायला दुकानासमोरून जाणेही पुरेसे आहे.

लांबीबाबत मात्र आपली चूक होते. मराठीत ‘गो’ आणि ‘गोऽ’ यांत अर्थाचा फरक नसल्याने आपण दोन्ही सारखेच म्हणतो. जपानी यंत्रे विजेवरचा इशारा देतात तेव्हा ‘पित्’ आणि ‘पीऽ’ यांचे अर्थ वेगळे असतात. एसीने रिमोटची आज्ञा घेतली की ‘पित्’. वॉशिंग मशीनचे काम संपले किंवा अडले की ‘पीऽ-पीऽ’. छतावरचा आगीचा इशारा देणारा यंत्रगोळा ठरावीक अंतराने एकेकदा ‘पित्’ करत असेल तर बहुधा त्याची बॅटरी संपत आलेली असते. तेच तुम्ही लांबवून ‘पीऽ-पीऽ’ असे सांगितले तर ऐकणारा आग लागल्याची शंका घेईल.

पाचवी तपासणी: स्वर

याला थोडाच वेळ लागतो. ‘इ’ असलेला आवाज टोकदार आणि उंच, ‘ओ’ असलेला खोल आणि खालचा, ‘आ’ असलेला पसरट. ब्रेक लावताना ‘कीऽ-कीऽ’ येत असेल तर पॅड झिजत आल्याची खूण म्हणून बसवलेली पट्टी चकतीला घासत असण्याचा संभव असतो, आणि तुम्हाला काही दिवसांची सवड असते. तोच आवाज ‘गाऽ-गाऽ’ किंवा ‘गोऽ-गोऽ’ झाला तर धातूवर धातू घासत असल्याची शंका घ्यावी आणि गाडी चालवणे थांबवावे.

‘बूऽन’ या गुणगुणीबद्दल एक गोष्ट जपानपुरतीच खरी आहे. तिथे पूर्वेकडे वीज ५० हर्ट्‌झची आणि पश्चिमेकडे ६० हर्ट्‌झची असते. शिझुओकातील फुजि नदी आणि निइगातातील इतोइगावा यांच्या आसपास ती सीमा जाते. तोक्योहून ओसाकाला जुने, इन्व्हर्टर, म्हणजे यंत्रातच विजेची वारंवारता बदलणारी यंत्रणा, नसलेले मायक्रोवेव्ह किंवा वॉशिंग मशीन नेल्यावर गुणगुण बदलली तर आधी त्यावरच्या पट्टीत ५०/६० असे दोन्ही आकडे आहेत का ते पाहावे. भारतातून नेलेला मिक्सर १०० व्होल्टवर चालावा म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला असेल तर ‘बूऽन’ मिक्सरचा नसून ट्रान्सफॉर्मरचाही असू शकतो. मिक्सरच्या वॅटपेक्षा त्याची क्षमता कमी असेल तर तो तापतो, तेव्हा वापर बंद करावा.

सहावी तपासणी: वाक्य

‘गाता-गाता देस’ असे म्हटले तर त्याचा अर्थ यंत्र खिळखिळे झाले आहे असा होतो. नवे मशीन घेण्याचा प्रश्न येतो तो याच वाक्यामुळे. आवाज सांगायचा असेल तर ‘गाता-गाता तो इउ ओतो गा शिमास’, म्हणजे ‘गाता-गाता असा आवाज येतो’, असे पूर्ण वाक्य बोलावे. तोक्योच्या प्रमाण उच्चारात आवाज सांगताना पहिल्या अक्षरावर सूर उंच असतो आणि मग उतरतो. अवस्था सांगताना तो उतार नसतो. हा फरक कानाला बसायला वेळ लागतो आणि म्हणून ही तपासणी मी इतकी मागे ठेवली आहे. ‘तो इउ ओतो’ हे शब्द जोडले की सुरात चूक झाली तरी अर्थाला धक्का लागत नाही.

सातवी तपासणी: शब्दावरून यंत्राकडे

शब्द नक्की झाला की तोच आपल्याला यंत्रातल्या बिघाडाच्या जागेपर्यंत नेतो, आणि फोन न करताही काम होण्याची शक्यता असते. दोन प्रकरणे सर्वाधिक येतात.

पहिले एसीच्या ‘पोको-पोको’चे. फ्लॅटमधल्या भिंतीवरच्या एसीतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येतो आणि लोक तो ‘गोबो-गोबो’ असा सांगतात. ‘गोबो-गोबो’ हा तुंबलेल्या मोरीचा आवाज असल्याने समोरचा नळकाम करणाऱ्याचा पत्ता देतो. प्रत्यक्षात घरात हवेचा दाब कमी झालेला असतो. जपानमधले नवे फ्लॅट फार हवाबंद असतात, आणि जुलै २००३ पासून लागू झालेल्या सुधारित बांधकाम कायद्यामुळे नव्या घरांत चोवीस तास चालणारी वायुवीजनाची सोय ठेवावी लागते. त्यात स्वयंपाकघरातला मोठा पंखा लावला की बाहेर गेलेल्या हवेची जागा घेण्यासाठी बाहेरची हवा एसीचे पाणी सोडणाऱ्या नळीतून उलटी आत शिरते आणि साचलेल्या पाण्यातून बुडबुडे काढते. म्हणून प्रथम तो पंखा बंद करावा. आवाज थांबला तर निदान पक्के झाले. मग खिडकी बोटभर उघडून पंखा पुन्हा लावावा. भिंतीतले ‘क्यूऽकिकोऽ’, म्हणजे हवा आत घेणारे झरोके, थंडीमुळे कोणी बंद केले आहेत का आणि त्यांची जाळी धुळीने भरली आहे का, ते पाहावे. एवढ्याने भागले नाही तर नळीच्या बाहेरच्या टोकाला बसवायची ‘ग्याकुशिबेन’, म्हणजे एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप, घरगुती सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळते. भाड्याचे घर असल्यास ती बसवण्याआधी विचारावे. नळीत कापड कोंबणे हा उपाय कोणी सुचवला तरी करू नये, कारण पाणी मागे साचून खोलीत गळते.

दुसरे वॉशिंग मशीनचे. पिळताना ‘गाता-गाता’ आणि हाताला हादरा असेल तर कपडे एका बाजूला गोळा झाले असण्याचा संभव सर्वांत जास्त असतो; यंत्र थांबवून ते पसरावे आणि एकटी जाड चटई किंवा एकच चादर पिळायला लावू नये. रेनकोट किंवा पाणी न जिरणारे कापड तर पिळण्यासाठी घालूच नये, कारण आत साचलेले पाणी एकदम सरकून यंत्र उडते. त्यानंतर पाये पाहावेत. बऱ्याच जपानी मशीनांवर बुडबुड्याची लेव्हल बसवलेली असते. बुडबुडा वर्तुळाबाहेर असेल तर पाया फिरवून उंची जुळवावी. नव्याने आणलेल्या, समोर दार असलेल्या मशीनमध्ये वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढायचे राहिले आहेत का हेही पाहावे. ‘काता-काता’ किंवा ‘कारा-कारा’ असेल तर नाणे, हूक, बटण शोधावे. आणि कपडे नीट असून, पाये समपातळीत असून, वेग वाढेल तसा ‘गोऽ’ वाढत जात असेल तर बेअरिंगची शंका घ्यावी आणि तिथेच हात काढून घ्यावा.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

गॅसचा वास येत असेल, मग ‘शूऽ’ ऐकू येवो वा न येवो, खिडक्या उघडाव्यात, गॅसची तोटी बंद करावी आणि दिवा, पंखा किंवा कुठलेही बटण चालू-बंद करू नये, कारण त्या ठिणगीनेही स्फोट होऊ शकतो. घराबाहेर पडून तिथून गॅस कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करावा. आग लागली असेल तर ११९. जळका वास, धूर, विजेच्या जोडणीजवळ गळणारे पाणी किंवा ‘बाचि-बाचि’, म्हणजे ठिणग्यांचा तडतडाट, असेल तर शक्य असल्यास मुख्य ब्रेकर पाडावा आणि यंत्राला पुन्हा वीज देऊ नये.

मायक्रोवेव्हचे आवरण कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आत धोकादायक विद्युतभार राहू शकतो. एसीच्या शीतकाच्या नळ्या, फ्रिजचा कॉम्प्रेसर, वॉशिंग मशीनचा ड्रम, गाडीचे ब्रेक आणि गीझरच्या आतली गॅसची जोडणी ही सर्व कामे प्रशिक्षित माणसाचीच आहेत. भाड्याच्या घरात आधीपासून बसवलेला एसी किंवा गीझर असेल तर उत्पादकाला नव्हे, प्रथम ‘कान्रिगाइशा’ला, म्हणजे इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला कळवावे, परस्पर तंत्रज्ञ बोलावल्यास बिल तुमच्याच अंगावर येऊ शकते.

शब्दांच्या बाबतीतही थांबण्याची जागा आहे. पुस्तिका पाहिली, वेळ लिहिली, वजन ठरवले आणि तरीही दोन वेळा सांगून समोरच्याला उमगत नसेल, तर तिसरा शब्द शोधू नये. ध्वनिमुद्रण ऐकवावे आणि ‘कोनो ओतो देस’, म्हणजे ‘हा आवाज’, एवढेच म्हणावे. नुकसानभरपाई, हमीची मुदत किंवा घरमालकाशी वाद असा विषय निघाला तर शेजाऱ्याच्या मदतीवर न राहता अनुभवी दुभाषाला सोबत घ्यावे, कारण तिथे चुकलेल्या शब्दाची किंमत भेटीच्या शुल्कापेक्षा पुष्कळ मोठी असते. तंत्रज्ञ यायचा असेल त्या दिवशी आवाज ज्या फेरीत येतो तेवढेच कपडे बाजूला काढून ठेवावेत, म्हणजे त्याच्यासमोर तीच फेरी, तितक्याच वजनाने, लगेच चालवून दाखवता येते.